भैरवीपासून सुरुवात

आमच्या घरात या रेकॉर्डचं परीक्षण सर्वांत आधी सासूबाईंनी केलं, आणि तेही एका वाक्यात. भाच्याने सुई टेकवली, सूर आले, मागून धप् धप् धप् धप् असा ठोका सुरू झाला. सासूबाईंनी हातातली जपमाळ थांबवली आणि विचारलं, “भैरवी ना गं ही? मग काय, आता सगळ्यांनी उठून घरी जायचं?”

मी हसले, पण नंतर दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण सासूबाईंचं बरोबर होतं. आपल्याकडे भैरवी म्हणजे मैफलीचा शेवट. भैरवी झाली की गवई तंबोरा उतरवतो आणि बायका चपला शोधू लागतात. आणि इथे दहा रागांच्या एलपीतला पहिलाच राग भैरवी! हा माणूस एक तर अडाणी असला पाहिजे, नाही तर त्याला काही तरी सांगायचं असलं पाहिजे. अडाणी तो नव्हता. म्हणून हा लेख.

रेकॉर्डचं नाव ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. वाजवणारे चरणजीत सिंग, मुंबईचे. ध्वनिमुद्रण १९८२ सालचं, रेकॉर्ड एचएमव्हीची. भाचा मुंबईहून आमच्या सर्वणला पावसाळ्यात चार दिवस राहायला आला, तो छत्री विसरला पण रेकॉर्ड प्लेअर विसरला नाही. त्याच्या पिशवीत दोन एलपी होत्या, एक ही आणि दुसरी जपानची. “आत्या, तू विशारदपर्यंत शिकलीस ना? मग तूच सांग, हे संगीत आहे की नाही?” असं म्हणून त्याने मला कोड्यात टाकलं. मी विशारद झाले त्याला तीस वर्षं झाली. लग्नानंतर तंबोरा माळ्यावर गेला आणि राहिला तो फक्त चातुर्मासातल्या पदांपुरता गळा. तरीही कुणी विचारलं की आपली पाठ ताठ होतेच.

शेजारच्या काकी पत्र्याखाली भिजलेली लाकडं सारायला आल्या होत्या. त्यांनी खिडकीतून डोकावून विचारलं, “हें कितें गो? भाताची गिरण चालू केल्या?” म्हणजे परीक्षणं दोन झाली. तिसरं माझं.

आधी जपानचं सांगते, कारण मुळात या गोष्टीचं बी तिथलं आहे. भाच्याची दुसरी एलपी ‘यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा’ या त्रिकुटाची पहिलीवहिली रेकॉर्ड, नोव्हेंबर १९७८ची. हारुओमी होसोनो, र्‍युइची साकामोतो आणि युकिहिरो ताकाहाशी ही ती तीन माणसं. यातले ताकाहाशी आणि साकामोतो दोघेही २०२३ साली गेले. त्यांच्याबरोबर हिदेकी मात्सुताके नावाचे चौथे गृहस्थ असत, ते वाद्य वाजवत नसत, ते यंत्रात आकडे भरत. कुठला सूर, किती वेळ, किती जोरात, हे सगळं आकड्यांत द्यायचं आणि मग यंत्राने न चुकता वाजवायचं. ज्या काळात आपल्याकडे टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं वाट पाहावी लागायची, त्या काळातली ही गोष्ट.

या रेकॉर्डमधली खरी गंमत यंत्रापेक्षा विचारात आहे. तिच्यात ‘फायरक्रॅकर’ नावाची चीज आहे. ती मूळची मार्टिन डेनी या अमेरिकन पियानोवादकाची, १९५९ची. डेनी हवाईत राहून पर्यटकांसाठी ‘पूर्वेकडचं’ संगीत करायचे. पूर्व म्हणजे पक्ष्यांचे आवाज, घंटा, बांबूची वाद्यं, सगळं गोऱ्या माणसाच्या कल्पनेतलं. जपानच्या या तिघांनी तीच धून उचलली आणि संगणकाकडून वाजवून घेतली. जणू म्हणाले, आम्ही तुम्हाला असे दिसतो ना? मग घ्या, आम्हीच तसे होऊन दाखवतो, आणि तुमच्यापेक्षा सफाईने. एखाद्या सुनेने सासरच्यांनी केलेली आपली नक्कल भर पंगतीत स्वतःच करून दाखवावी, आणि हसणाऱ्यांना आपण नेमकं कशाला हसतोय तेच कळू नये, तसं हे आहे. त्याच वर्षी होसोनोंनी भारताच्या प्रवासावरून सुचलेली ‘कोचीन मून’ ही रेकॉर्डही केली. त्यांच्या मनातलं कोची आपल्याला कुठल्याच नकाशात सापडणार नाही. तीही तशीच मुद्दाम केलेली कल्पना.

आता मुंबईत या. चरणजीत सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले वादक. बास गिटार, सिंथेसायझर अशी नवी वाद्यं हाताळणारे. राहुलदेव बर्मन यांच्यासारख्यांकडे वाजवलेले. हे वाद्यवृंद म्हणजे आपल्या गोव्याच्या माणसांनी उभारलेलं जग होतं, हे आपण विसरतो. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांना साज चढवणारे सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचे. प्यारेलालजींना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे. पडद्यावर नट दिसतो, रेकॉर्डवर गायिकेचं नाव असतं, आणि मागची पन्नास-साठ माणसं दिवसाचे पैसे घेऊन लोकलने घरी जातात. चरणजीत सिंग त्या मागच्या माणसांपैकी एक.

१९८० साली ‘कुर्बानी’ आला, १९८२ला ‘डिस्को डान्सर’. ज्याला त्याला डिस्को हवा झाला. चरणजीत सिंगांनी पुढे मुलाखतीत सांगितलं त्याचा मतितार्थ असा, की सिनेमात सगळीकडे डिस्को चाललाच होता, तर मग त्यातच काही वेगळं करावं, राग वाजवावेत, ठोका डिस्कोचा ठेवावा आणि तबला बंद करावा. शेवटचे तीन शब्द लक्षात ठेवा. मी त्यांच्याकडे परत येणार आहे.

त्यांच्याकडे तीन यंत्रं होती, तिन्ही जपानच्या रोलंड कंपनीची. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, एका वेळी आठ सूर धरणारा. टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र, जे यलो मॅजिक ऑर्केस्ट्रानेही अगदी सुरुवातीलाच वापरलं. आणि टीबी-३०३ हा चंदेरी डबा, बासचे खर्जातले सूर काढणारा. हा तिसरा डबा कशासाठी बनवला होता माहीत आहे? गिटारवाला एकटाच सरावाला बसला तर त्याला बास वाजवणारा साथीदार लागू नये म्हणून. म्हणजे बास गिटारवाल्याची जागा घेण्यासाठी. आणि मुंबईत तो विकत कोणी घेतला, तर एका बास गिटारवाल्याने! आपल्याला घालवायला आलेल्या पाहुण्याला याने घरात घेतलं, चहा दिला आणि कामाला लावलं. मला या रेकॉर्डमधलं सर्वांत धाडसाचं हेच वाटतं.

त्या डब्याचा आवाज खऱ्या बाससारखा मुळीच येत नसे. विक्री झाली नाही, १९८४पर्यंत कंपनीने तो बंदही केला. मग जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारे हे डबे शिकागोच्या काळ्या तरुणांच्या हाती लागले. १९८७ साली तिथल्या फ्यूचर नावाच्या गटाची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ निघाली आणि ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचा नाचाच्या संगीताचा एक प्रकारच सुरू झाला. हा पिळवटलेला, चिरकत वर चढणारा खर्ज त्यांच्या पाच वर्षं आधी मुंबईत वाजला होता हे कुणाच्या गावीही नव्हतं. इकडे रेकॉर्ड फारशी खपली नव्हतीच. २००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली, २०१०ला त्यांनी ती पुन्हा काढली, आणि मग जगभर गलका झाला की अ‍ॅसिड हाउसचा शोध भारतात लागला.

मला हा गलका पटत नाही. शिकागोच्या मुलांनी ही रेकॉर्ड ऐकली असेल असं समजायला काही आधार नाही. दोन गावच्या दोन बायकांनी एकाच बनावटीच्या खलात मसाला कुटला, वास थोडा सारखा आला, एवढंच. ‘आपणच पहिले’ म्हणून छाती फुगवण्यात रेकॉर्ड ऐकायची राहूनच जाते. तेव्हा ऐकूया.

पहिल्या बाजूला भैरवी, ललत, भूपाळी, तोडी आणि मधुवंती. दुसऱ्या बाजूला मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. प्रत्येकाला साधारण पाच मिनिटं. पहिलं ऐकणं मला जड गेलं, हे कबूल करते. माझ्या गुरुजींनी तोडीचा गंधार लावायला मला सहा महिने बसवलं होतं. तो गंधार कोमलाहूनही उतरता, आणि तो जागेवर उभा राहत नाही, हलतो. पेटीच्या पट्टीत तो नाही, आणि ज्युपिटरच्या पट्टीतही नाही. त्यामुळे या रेकॉर्डवरची तोडी मला तोडीच्या फोटोसारखी वाटली. नाक-डोळे तेच, पण हाक मारली तर ओ देणार नाही. भूपाळी आणि कलावती यांचंही तसंच. स्वर शुद्ध आहेत, चलनही चुकत नाही, पण एकाच आवाजात, एकाच चालीने एकामागून एक राग आले की त्यांची तोंडं एकसारखी दिसू लागतात. यमनची संध्याकाळ आणि तोडीची सकाळ यांत फरक उरत नाही. हा या रेकॉर्डचा खरा दोष आहे, आणि परदेशातल्या कौतुकाने तो झाकला जाऊ नये.

दुसरा दोष म्हणावा की वैशिष्ट्य, ते मला ठरवता येत नाही. ठेक्याच्या यंत्रात एका आवर्तनाची सोळा घरं असतात. सोळा! आपल्या तीनतालाच्या मात्रा तेवढ्याच. मी बोटांवर मोजू लागले आणि थबकले. कारण या सोळांत खाली नाही. सगळी भरी. तबल्यात नवव्या मात्रेला डग्गा गप्प होतो, म्हणून तर समेची ओढ लागते. घरात कुणी थोडं गप्प बसलं तरच दुसऱ्याचं बोलणं ऐकू येतं. इथे गप्प कुणीच बसत नाही. त्यामुळे सम येत नाही, नुसती वेळ जाते.

पण तिसऱ्या-चौथ्या ऐकण्यात मला दुसरं काही ऐकू येऊ लागलं. त्या चंदेरी डब्यात एक सोय आहे, एका सुरावरून दुसऱ्यावर न तोडता घसरत जाण्याची. जपानी अभियंत्याने ती गिटारच्या तारेवरून बोट सरकवल्याचा भास व्हावा म्हणून दिली असणार. चरणजीत सिंगांनी त्यात मींड पाहिली. खर्जातला सूर घसरत वर जातो आणि षड्जाला टेकतो, तेव्हा अंगावर काटा येतो, खोटं कशाला सांगू? मालकंसात हे सर्वांत चांगलं साधलंय. मालकंस मुळातच खालच्या अंगाचा, गंभीर, पाचच सुरांचा राग. त्याला हा जडशीळ खर्ज शोभतो. ललतमध्ये दोन्ही मध्यम एकाला लागून एक येतात, तिथे यंत्राची कोरडी नेमकी पट्टी उलट मदतच करते. आणि मेघमल्हार आम्ही बाजू उलटून लावला तेव्हा कौलांवर असा काही पाऊस होता, की यंत्र कुठलं आणि पन्हळ कुठली ते कळेना. भाचा म्हणाला, “आत्या, हे सर्वणलाच ऐकायला हवं होतं.”

आता भैरवीकडे. आपल्या फोंड्याजवळच्या केरीच्या केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत फार जपून असायच्या. पण त्यांची साडेतीन मिनिटांची एक भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीतून अवकाशात गेली. केसरबाई त्याच वर्षी वारल्या. त्या तबकडीवरची भैरवी म्हणजे निरोप, सगळ्या माणसांच्या वतीने. पाच वर्षांनी मुंबईत एका माणसाने तबकडीचा पहिलाच सूर भैरवीचा लावला. मला वाटतं, तोही निरोपच होता. मोठ्या वाद्यवृंदांचे दिवस संपत आले होते, एकेक यंत्र दहा-दहा वादकांना घरी बसवू लागलं होतं, आणि हे त्या मांडवात बसलेल्या माणसाला कळत नसेल असं कसं म्हणावं? मैफल संपली आहे, आता पुढे जे वाजेल ते मैफलीनंतरचं. आणि शेवट कशाने? बैरागीने, म्हणजे पहाटेने. हा अर्थ त्यांच्या मनात होता असा माझा दावा नाही. रेकॉर्डमधून मला तो ऐकू आला.

इथे मला एका बाईची आठवण सांगायची आहे. अहमदाबादच्या साराभाई या जैन घराण्यातल्या गीता साराभाई. पखवाज शिकलेल्या, ज्या काळात बाईने पखवाज मांडीवर घेणं म्हणजे नवल. १९४६ साली त्या न्यूयॉर्कला गेल्या आणि जॉन केज या पुढे जगप्रसिद्ध झालेल्या संगीतकाराला त्यांनी भारतीय संगीत शिकवलं, त्याच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकल्या. संगीत कशासाठी, असं केजने विचारलं तेव्हा आपल्या गुरूंचं सांगणं त्यांनी पुढे केलं : मन शांत आणि स्थिर व्हावं, म्हणजे दैवी गोष्टीला आत यायला वाट मिळते. याच बाईंचा अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या स्टुडिओतही हात होता. तिथे १९६९ साली मूग सिंथेसायझर आला, म्हणजे चरणजीत सिंगांच्या तेरा वर्षं आधी. तिथली ध्वनिमुद्रणं २०२३ साली एलपीवर निघाली. तेव्हा यंत्रं आणि सूर यांची गाठ आपल्याकडे पडली ती डिस्कोमुळे नव्हे, आणि त्या गाठीजवळ एक बाई उभी होती, हे ध्यानात असू द्या.

त्यांच्या कसोटीवर ही रेकॉर्ड उतरते का? पहिल्या दिवशी मी ‘नाही’ म्हटलं असतं. ठोका मन शांत करत नाही, पाय हलवतो. पण चौथ्या दिवशी पाहिलं तर मालकंस चालू असताना सासूबाईंची माळ त्या ठोक्याला सरकत होती. त्यांना कळतही नव्हतं. एकशे आठ मणी काय आणि धप् धप् काय, तेच ते पुन्हा येत राहिलं की मन धडपडायचं थांबतं. सासूबाईंना हे सांगितलं असतं तर त्यांनी माळ ठेवून दिली असती, म्हणून नाही सांगितलं.

आता ते तीन शब्द. तबला बंद केला.

आम्ही डिचोली-साखळी भागातल्या मोजक्या जैन बायका चातुर्मासात कुणाच्या तरी घरी जमून पदं म्हणतो. एक आक्का ढोलकी वाजवायच्या. शिकलेल्या नव्हत्या, माहेरी भजनात वाजवून हात बसलेला. कधी बस चुकायची, कधी गुडघे दुखायचे. दोन वर्षांपूर्वी कुणी तरी म्हणालं, तबल्याचं यंत्र घेऊ, तंबोऱ्याचं तर आहेच. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. उलट मीच म्हणाले, “लय तरी पक्की राहील.” यंत्र आलं. आक्का पहिल्या दिवशी येऊन बसल्या, हात मांडीवर. दुसऱ्या खेपेपासून आल्या नाहीत. आम्ही समजलो, गुडघे.

या रेकॉर्डने मला माझं ते वाक्य परत ऐकवलं. चरणजीत सिंगांनी तबला बंद केला तो उघडपणे. त्यांनी यंत्राला तबल्याचं सोंग घ्यायला लावलं नाही. यंत्र यंत्रासारखंच वाजतं, म्हणून तर काकींना गिरण ऐकू आली. आमच्या डब्यातून मात्र तबल्याचाच आवाज येतो, खालीसकट, अगदी बिनचूक. नाही येत ते एकच. पद म्हणता म्हणता एखादीचा गळा दाटून येतो, ओळ अर्धी राहते, तेव्हा आक्का ढोलकीवर नुसती बोटं फिरवत थांबायच्या. ती सावरली की थाप द्यायच्या. यंत्र थांबत नाही. गळा दाटलेली बाई मागे राहते आणि आम्ही पुढे जातो, पक्क्या लयीत. त्यामुळे हल्ली आमच्यात कुणाचा गळाच दाटत नाही.

नवं यंत्र वाईट, असं मला म्हणायचं नाही. जपानच्या त्या तिघांनी यंत्राकडून थट्टा करून घेतली, चरणजीत सिंगांनी यंत्रात मींड शोधली. दोघांनीही यंत्राला जे येतं ते त्याच्याकडून काढून घेतलं. आम्ही मात्र माणसाचं काम यंत्राला दिलं आणि माणसाला कळवलंही नाही.

भाचा परत गेला तेव्हा एलपी इथेच ठेवून गेला. कुणाला ऐकायची असेल तर या, चहा मी करीन. पण दुसऱ्या बाजूने सुरुवात करा, मेघमल्हारापासून. तोडीशी भांडायला मागाहून वेळ आहे.

आणि हो, गेल्या रविवारी मी आक्कांकडे जाऊन आले. गुडघे ठीक होते. ढोलकी कपाटावर होती, सोवळ्याच्या कापडात गुंडाळलेली. मी काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, तिथे गेल्यावर काही आठवलं नाही. आक्काच म्हणाल्या, “पुडी सैल झालीय बघ पावसानं. आधी उन्हात ठेवायला पाहिजे.”

ऊन पडायची वाट पाहत आहोत.